बाटलीत न गेलेला तुकडा

माझ्या जबड्यातून पहिल्यांदा जे काही निघालं, ते डॉक्टरांनी रक्ताच्या कापसासोबत पायानं उघडायच्या डब्यात टाकलं. खुर्चीत आडवी पडल्या पडल्या मी ते बघितलं होतं. घाण निघाली, टाकून दिली, त्यात काय विशेष, असंच वाटलं. ते टाकायचं नव्हतं, हे कळायला तीन वर्षं गेली.

मी अंबाजोगाईला ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत, दारावर पाटी आहे, आणि लग्नसराईत जेवायला फुरसत नसते. शिवणाऱ्या बाईचं अर्धं काम तोंडानं चालतं. टाचण्या ओठांत धरायच्या, दोरा दातानं तोडायचा. कात्री समोरच असते, पण ती उचलून ठेवेपर्यंत दात काम करून मोकळे होतात. त्यामुळं २०१९ च्या दिवाळीत, ऐन गर्दीत, डावीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेमागं हिरडी फुगल्यासारखी लागली, तेव्हा दोऱ्यानं कापलं असेल म्हणून मी सोडून दिलं. दुखत तर काहीच नव्हतं. मधूनच तोंडात खारट चव यायची, तेवढंच.

आत्याबाईंनी आधी लवंग दिली, मग हळद-मीठ, मग तुरटीच्या गुळण्या. "अक्कलदाढ यायली आसंल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पस्तिशीत आता कुठली अक्कल.

दिवाळीचे ब्लाऊज देऊन झाल्यावर दातांच्या दवाखान्यात गेले. बोटाच्या पेराएवढी फिल्म तोंडात धरून फोटो काढला. दाढेच्या मुळाशी काळी सावली होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्ट आहे. पाण्याची गाठ म्हणा. दाढ खराब झाली की मुळाशी होते." दाढ काढली, खालची जागा चमच्यासारख्या हत्यारानं खरवडली. आतून पिवळट पांढरं, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं काहीतरी आलं. ते डब्यात गेलं. तीन टाके, पाच दिवसांच्या गोळ्या, आणि आठवड्यात मी परत मशिनीवर.

काढलेली दाढ मी घरी आणून धुऊन बघितली होती. पांढरीशुभ्र, कुठं कीड नाही, काळा ठिपका नाही. मग ती खराब कशी? हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो विचारायला गेले नाही. दुखणं असतं तर गेले असते.

२०२२ च्या पावसाळ्यात भाकरीचा तुकडा मोडताना त्याच बाजूचा दात हलल्यासारखा वाटला. चवही तीच, खारट. मी दोन महिने तोंडातल्या तोंडात ठेवलं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी आत बघून हातमोजे काढले आणि सरळ सांगितलं, "ताई, हे माझ्याकडं होणार नाही. मोठा फोटो काढा आणि संभाजीनगर गाठा."

मोठा फोटो म्हणजे ओपीजी. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत प्लॅस्टिकची कांडी चावून धरायची, आणि ते यंत्र डोक्याभोवती फिरून येतं. हातात आलेली फिल्म बघितली आणि मला वाटलं, अरे, हे तर पॅटर्न आहे. अंगावर गोल बसणारी गोष्ट कागदावर सपाट पसरतो आपण, तसा या कानापासून त्या कानापर्यंत जबडा पसरलेला. उजवी बाजू भरलेली. डावीकडं मात्र दाढांच्या खालून जबड्याच्या कोपऱ्यातून वळून वर कानाच्या दिशेनं गेलेली काळी पोकळी, आणि तिच्या कडेनं बारीक पांढरी रेघ, पायपिंग लावल्यासारखी. एवढं मोठं आत होतं आणि आरशात माझा चेहरा दोन्हीकडून सारखा दिसत होता.

अंबाजोगाईहून केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत रात्रीची एसटी पहाटे उतरवते. घाटी दवाखान्याजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात केसपेपरच्या रांगेत उभी राहिले तेव्हा आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स मी गळ्यातल्या पर्समध्ये ठेवल्या होत्या, जशी काय त्यांचीच चोरी होणार होती. माझ्या पहिल्या केसपेपरावर औरंगाबाद आहे, पुढच्यांवर छत्रपती संभाजीनगर. माझा इलाज चालू असतानाच गावाचं नाव बदललं.

तिथं मला बघणाऱ्या मॅडम माझ्याहून लहान होत्या, शिकाऊ, पण घाई नसलेल्या. त्यांनी फोटोकडं बघायच्या आधी मला दहा प्रश्न विचारले. मग कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो एकेका दाताला लावत गेल्या. "गार लागलं की हात वर करा." हलणाऱ्या दातासकट सगळ्यांना माझा हात वर गेला. त्यांनी कागदावर लिहिलं, दात जिवंत. मग समजावलं: जबड्यात सगळ्यांत जास्त दिसणारी गाठ मेलेल्या दाताच्या मुळाशी होते. दात किडतो, त्याची नस मरते, मुळाच्या टोकाशी सूज धरते आणि तिची गाठ बनते. पण शेजारचे दात जिवंत असतील तर गाठ दुसऱ्याच घराण्यातली.

"मागच्या वेळी काढलेलं तपासायला पाठवलं होतं का? रिपोर्ट आहे?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पेन थांबवलं, काही बोलल्या नाहीत, पुढं लिहायला लागल्या.

जाड सुईनं आधी आतलं ओढून बघितलं. मला वाटलं ही तपासणी, पण त्यात सुरक्षाही होती. कधीकधी असल्या काळ्या जागेत रक्तवाहिन्यांचा गुंता निघतो, आणि तो न बघता उघडला तर रक्त आवरत नाही. माझ्या सुईत रक्त आलं नाही, साईसारखं घट्ट पांढरट आलं. मॅडमना शिकवणाऱ्या सरांनी ते काचेवर पसरवून बघितलं आणि मॅडमना म्हणाले, "केराटिन." तो शब्द मी घरी येईपर्यंत पाठ केला. नखांत आणि केसांत असतं तेच हे, आतल्या आत साठत गेलेलं.

मग तुकडा. जागा बधिर करून हिरडीतून छोटं छिद्र पाडलं, गाठीच्या भिंतीचा नखाएवढा तुकडा कापला आणि बाटलीत टाकला. लोणच्याच्या छोट्या बाटलीएवढी, आत तुकडा टिकवायचं फॉर्मालिन, झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी. वर चिठ्ठी: माझं नाव, वय, डावा खालचा जबडा, तारीख. ही बाटली तपासणीच्या विभागात नेऊन द्यायला आमच्या ह्यांच्या हातात दिली. टेम्पो चालवणारा माणूस, एका हातानं ढेकळांतून गाडी काढतो, पण ती बाटली त्यांनी दोन्ही हातांनी प्रसादाच्या वाटीसारखी धरून नेली.

त्याच दिवशी अजून एक गंमत झाली. मॅडम म्हणाल्या, "तळहात दाखवा बरं." आत्याबाई सोबत होत्या. त्या पुढं सरकल्या, यांना हातही बघता येतो म्हणून. मॅडम तळहातावर, तळपायावर टोचल्यासारखे बारीक खड्डे शोधत होत्या. मग घरात कुणाला जबड्याच्या गाठी, कुणाला कातडीचा कॅन्सर, माझ्या अंगावर विचित्र तीळ, सगळं विचारलं, छातीचा एक्स-रे काढून फासळ्या बघितल्या. गॉर्लिन-गोल्ट्झ नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, १९६० साली त्या दोघांनी मांडलेला. त्यात अशा गाठी एकीपेक्षा जास्त, लहान वयात येतात, फासळी पुढं दुभंगलेली असते आणि पुढं कातडीचा त्रास होतो. माझ्यात त्यातलं काही नव्हतं. "एकुलती एक गाठ आहे," मॅडम म्हणाल्या. आत्याबाईंनी तरी विचारून घेतलंच, "आन् आयुष्य किती लिवलंय?"

रिपोर्टला आठ दिवस. तेवढ्यात योगेश्वरीच्या ओटीचा नवस बोलून झाला. मॅडमनी सांगितलं होतं की फोटोत अशीच दिसणारी अमेलोब्लास्टोमा नावाची दुसरी गाठ असते. तिचा इलाज वेगळा, जास्त काटछाटीचा. फोटोवरून दोघींत खात्रीनं फरक करता येत नाही, तुकडाच सांगतो. त्यामुळं ते आठ दिवस मी एकही नवीन कापड कापलं नाही. कात्री चालवायला हात धजेना.

रिपोर्टवर लिहिलं होतं: ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट. पुतण्यानं गाडीतच मोबाइल काढला आणि दोन मिनिटांनी त्याचा चेहरा उतरला. "काकू, हितं ट्यूमर लिवलंय." त्या दिवशी गेवराईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन लावला. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर किती तरी जणांना सांगत आले आहे. या गाठीला हे नाव १९५६ साली फिलिप्सेन नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी दिलं. ती साध्या गाठीपेक्षा हट्टी, परत परत येणारी, म्हणून २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला ट्यूमरच्या यादीत घातलं आणि नावही बदललं. मग २०१७ मध्ये त्याच संघटनेनं तिला पुन्हा सिस्टच्या यादीत आणून बसवलं. पुतण्याला सापडलेलं पान मधल्या काळातलं होतं. "कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या, "पण हलक्यात घ्यायचीही नाही."

त्यांच्या बोलण्यात सारखा लायनिंग हा शब्द यायचा. मी म्हटलं, मॅडम, अस्तर म्हणा, मला लवकर कळेल. त्या हसल्या, आणि तिथून पुढं आमचं सगळं बोलणं अस्तराचं झालं. दात घडवणाऱ्या पेशी काम संपल्यावर विरून जातात, पण काही हाडात आणि हिरडीत मागं राहतात. ब्लाऊज शिवून झाल्यावर कोपऱ्यात चिंध्या राहाव्यात तशा. त्यांतलीच एखादी वर्षांनी जागी होते आणि स्वतःभोवती पिशवी विणायला लागते. या पिशवीचं अस्तर फार पातळ, सूक्ष्मदर्शकाखाली सहा ते आठ पेशींच्या थरांचं. खालचा थर कुंपणाच्या काठ्या रोवल्यासारखा ओळीनं उभा. हाडापासून सोडवायला जावं तर ओल्या मलमलीसारखं फाटतं. फाटून एवढासा तुकडा आत राहिला की तिथून नवी पिशवी. शिवाय भिंतीत पिल्लांसारख्या बारक्या बारक्या गाठी दडलेल्या असतात, त्या वेगळ्याच. आणि ही गाठ हाडाला बाहेर ढकलण्याऐवजी आतल्या पोकळ भागातून लांबच्या लांब सरकत जाते, म्हणून चेहरा सुजत नाही.

म्हणजे २०१९ मध्ये खरवडताना अस्तर फाटलं, काही आत राहिलं. नुसतं खरवडून सोडलं तर साधारण चार-पाच जणांत एकाला ती परत येते, असं सरांनी सांगितलं. मी त्या एकात बसले.

सीबीसीटी नावाचा अजून एक स्कॅन झाला, कारण खालच्या जबड्यातून एक नस जाते जी ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळवते. माझ्या गाठीनं ती नस ढकलत पार जबड्याच्या खालच्या कडेला नेली होती. सरांनी मला आणि ह्यांना बसवून तीन वाटा सांगितल्या. एक, जबड्याचा तेवढा भागच कापून काढायचा आणि धातूची पट्टी बसवायची. मग परत यायची भीती जवळजवळ नाही, पण चेहरा, दात, ओठ सगळ्याची किंमत द्यायची. दोन, पुन्हा उघडून काढायची. पण आता हाडाची भिंत इतकी पातळ की काढताना जबडाच मोडू शकतो, नस तर जाईलच. तीन, आधी तिला एक खिडकी पाडायची, आतला दाब जाऊ द्यायचा, ती आपोआप आक्रसेल, हाड भरत येईल, मग काढायची. यात वेळ लागतो आणि पेशंटला चिकाटी लागते. सर माझ्याकडं बघत होते. ह्यांनी उत्तर दिलं, "चिकाटीचं इच्याकडं कमी न्हाई."

जानेवारी २०२३ मध्ये खिडकी पाडली, जागा बधिर करून. हिरडीला भोक पाडलं, आणि ते बुजू नये म्हणून हिरडीची कड गाठीच्या अस्तराच्या कडेला टाके घालत गोल जोडून टाकली. तोंड वासलेलं, बोलता येत नव्हतं, पण मला ओरडून सांगायचं होतं की हे काज आहे! बटण लावायचं काज असंच करतात, कड उसवू नये म्हणून दोन्ही थर एकत्र गुंफायचे. नंतर सांगितलं तर सर म्हणाले, ही युक्ती १८९२ ची, पार्ट्श नावाच्या जर्मन सर्जनची. त्याच्या घरी कुणी शिवत असणार, अशी माझी खात्री आहे.

आधी आत पिवळी, आयोडोफॉर्मच्या उग्र वासाची पट्टी भरली होती. तो वास घरभर. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, फवारणीचं औषध ठेवलंय का घरात? मग कवळी ज्याची करतात त्या गुलाबी मटेरियलचं एक बूच माप घेऊन बनवून दिलं. रोज दोनदा बूच काढायचं, बोथट वाकड्या सुईच्या सिरिंजनं मिठाचं उकळून गार केलेलं पाणी त्या भोकातून मारायचं, आत साठलेलं बाहेर येईपर्यंत. पहिले काही आठवडे भिजल्या पोह्यांच्या चुऱ्यासारखं पांढरं यायचं. लेक मोबाइलचा उजेड धरायची, दुसऱ्या हातानं नाक. दहा महिने, दिवसातून दोनदा. हिशोब करा.

मधे एक चूक केली, ती लिहिली पाहिजे. मे महिन्यात भाचीचं लग्न होतं परळीला. बोलताना बूच हलतं म्हणून ते डबीत ठेवून मी दोन दिवस मिरवले. तिसऱ्या दिवशी बूच बसेना. भोक आवळत आलं होतं. तोंडाची कातडी किती लवकर बुजते हे मला माहीतच नव्हतं. परत एसटी, परत बधिर, परत भोक मोठं. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "काज तुम्हीच बंद केलंत की." मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं हीच काय ती त्या फेरीतली चांगली गोष्ट.

खाण्याचे हाल फार सांगत नाही. दुधात कुस्करलेली भाकरी, कण्या, हुलग्याचं माडगं, आंबील. ठेचा बघून डोळ्यांत पाणी यायचं, खाऊन नव्हे.

महिन्याच्या फेऱ्यांत ओपीडीच्या बाकावर ओळखी झाल्या. जालन्याकडचे एक गुरुजी होते, साठीला आलेले. त्यांच्या सुळ्याशेजारी हिरडीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा निळसर फुगवटा. त्यांना वाटत होतं तंबाखूचं काही निघालं. ती हिरडीतलीच गाठ होती, मोठ्या माणसांना क्वचित होणारी, बहुधा याच जागी येते. अर्ध्या तासात काढली, रिपोर्ट साधा आला, आणि गुरुजी मला टाटा करून गेले ते परत दिसले नाहीत. मला हेवा वाटला. एक नववीतला पोरगा होता. त्याची गाठ न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती धरली होती. त्यालाही माझ्यासारखीच खिडकी पाडली, आणि काही महिन्यांत तो अडकलेला दात त्या खिडकीतून आपण होऊन वर आला. सगळ्या बाकानं त्याचा दात बघितला. आणि एकदा फुलंब्रीकडची एक बाळंतीण वीस दिवसांचं लेकरू पदरात लपवून आली. हिरडीवर पांढरे मोत्यासारखे दाणे. घरात म्हणाले होते, दात घेऊन जन्मलं, अपशकुनी आहे, मामाला भारी. मॅडमनी बोट फिरवून बघितलं आणि सांगितलं, हे दात नाहीत, तान्ह्या लेकरांच्या हिरडीत अशा बारक्या गाठी असतात, त्याही केराटिनच्याच, काही आठवड्यांत आपोआप जातात, हात लावू नका. ती बाई तिथंच बाकावर बसून रडली. तिच्यासोबत बहुतेक लेकराचा मामाच आला होता, तोही डोळे पुसत होता.

दर तीन महिन्यांनी फोटो. काळ्या जागेच्या कडा आधी राखाडी झाल्या, मग आत सरकायला लागल्या. नोव्हेंबरपर्यंत ती निम्म्याहून कमी उरली आणि नसेपासून हाडाची एक भिंत मधे उभी राहिली. एवढ्यासाठीच तर थांबलो होतो. शिवाय दहा महिन्यांत अस्तरही जाड झालेलं असतं, न फाटता निघतं.

डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण भूल देऊन मोठं ऑपरेशन झालं. नळी नाकातून घातली, कारण तोंड त्यांना मोकळं हवं होतं. पुढचं मला नंतर सांगितलेलं. पिशवी अख्खी निघाली. हलणारी दाढ काढली. जिथून खिडकी होती तेवढी हिरडीही काढली, कारण तिच्यातही त्या चिंध्या असतात. पोकळीच्या चारी बाजूंचं हाड थोडं थोडं घासलं, आणि मग नस झाकून त्यात औषधानं भिजलेली पट्टी तीन मिनिटं ठेवली. कार्नॉयचं द्रावण म्हणतात. मुळात तुकडे टिकवायचं रसायन, अल्कोहोल, ॲसेटिक ॲसिड आणि फेरिक क्लोराइडचं. जुन्या कृतीत क्लोरोफॉर्म असायचं, ते आता वगळतात. काही पेशी मागं राहिल्याच असतील तर त्या यानं मरतात. ह्यांना बाहेर बाटली दाखवली. या वेळची मोठी होती. आत पिशवी तरंगत होती, मऊ, सुरकुतलेली, फुटक्या फुग्यासारखी.

पुढचे सहा आठवडे काही कडक चावायचं नाही, जबडा मोडेल. आणि खालचा डावा ओठ गेला. म्हणजे होता जागेवर, पण माझा नव्हता. चहा त्या बाजूनं ओघळायचा आणि लेक सांगायची तेव्हा कळायचं. महिन्यानं मशिनीवर बसले, सवयीनं टाचण्या ओठांत धरल्या, आणि एका मोरपंखी ब्लाऊजपीसवर लाल ठिपका पडला. दुसरा पडला. वर बघते तर टाचणी ओठात अर्धी रुतलेली आणि मला पत्ता नाही. गिऱ्हाइकाचं कापड होतं. गार पाण्यानं डाग निघाला, पण मी त्या दिवशी काम बंद ठेवलं.

मॅडम दर वेळी डोळे मिटायला सांगून कापसानं आणि सुईच्या टोकानं हनुवटीवर टेकवत जायच्या, कळलं की हूं म्हणायचं, आणि पेनानं कातडीवर हद्द आखायच्या. मार्चमध्ये मुंग्या सुरू झाल्या. मेपर्यंत ओठ परत आला. हनुवटीवर आठ आण्याएवढी जागा अजून सुन्न आहे, ती राहील बहुतेक.

रिपोर्ट आल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पहिल्या डॉक्टरांकडं गेले होते. भांडायला नाही, जाऊबाईंचं म्हणणं होतं भांडावंच. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, "मी दाताचीच धरून चाललो. पाठवायला पाहिजे होतं." मी घाईत माप न घेता कापड कापलेलं आहे, गिऱ्हाइकाला भरूनही दिलेलं आहे. त्यामुळं माणसावर माझा राग नाही. पण त्या तपासणीला दोन-चार ब्लाऊजच्या शिलाईएवढा खर्च आला असता, आणि ती किडकी नसलेली दाढ त्यांच्याही हातात होती, हे मी विसरत नाही. आता ओळखीतलं कुणी जबड्याची, हिरडीची गाठ काढून आलं की मी तब्येत नंतर विचारते, आधी विचारते, बाटलीत घातलं का?

आता सहा महिन्यांनी एकदा फोटो. परत यायची असली तर बहुतेक पाच वर्षांत येते, पण दहा वर्षांनीही आलेल्या आहेत, म्हणून पुढंही वर्षाला एकदा जात राहायचं. फिल्मचे मोठे पाकीट मी कपाटात कागदी पॅटर्नच्या शेजारी ठेवते, वर पेनानं तारखा. परवाच्या फोटोत कोपऱ्यात एक काळी रेघ दिसली आणि माझं पाणी पाणी झालं. सर म्हणाले, "ती नसेची वाट आहे. तिच्या जागेवर परत आलीय."

यंदा शिकायला एक पोरगी ठेवली आहे. हात चांगला आहे, पण दोरा दातानंच तोडते. दोऱ्याचा आणि गाठीचा काही संबंध नाही, मॅडमनी मला दहादा सांगितलं आहे, मलाही पटलेलं आहे. तरी मी छोटी कात्री दोरीत ओवून तिच्या गळ्यात अडकवली.

"कामून ओ काकू?"

"लटकू दे," म्हटलं.